चवीचा हिशेब : पाच बाटल्या, पाच मोजे

जानेवारीत आम्ही घरचे सहा जण जॉर्जिया देशातल्या गुडाउरीला स्की करायला गेलो होतो आणि तिथे एका संध्याकाळी स्वस्तातल्या पांढऱ्या वाइनची चव घेत बसलो, असं मी या सदरात दोन ओळींत लिहिलं होतं. उकडीच्या मोदकांना आली नव्हती एवढी पत्रं त्या दोन ओळींना आली. त्यातली काही इथे घेतलीत. नावं छापत नाही. एका पत्रात तर 'सासूबाई हेच मासिक वाचतात' असं खाली दोन रेघा मारून लिहिलंय.

ताई, सप्रेम नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्हीही गुडाउरीला निघालोय. मी, नवरा, दीर, जाऊ, बारावीतली मुलगी आणि माझी आई. वाइनमधलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. महाग बाटली घ्यायची ऐपत नाही आणि हौसही नाही. शिवाय आईसमोर बाटली काढायची म्हणजे पोटात गोळा येतो. तुम्ही काय घेतलंत, कसं केलंत, ते सविस्तर लिहाल का? (मुलुंड)

लिहिते. कारण तुमच्या आईसारख्या एक बाई आमच्यातही होत्या, माझ्या विहीणबाई. सुनेची आई, सांगलीच्या. ६१ वर्षांत खोकल्याच्या औषधापलीकडे त्यांनी काही घेतलेलं नाही. बाकी मी, नवरा, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. स्की खरं म्हणजे तिघांनीच केलं. मी ६४व्या वर्षी एक धडा घेतला, पहिल्या दहा मिनिटांत तीनदा आडवी झाले आणि बूट परत करून आले. नवरा आणि विहीणबाई केबल कारने वर जाऊन, बर्फाकडे बघून, खाली येऊन चहा पीत. म्हणजे संध्याकाळी काही करायची खाज आम्हा म्हाताऱ्यांनाच जास्त होती.

पहिली गोष्ट, बाटल्या वर जाऊन घेऊ नका. राजधानी तिबिलिसीहून गुडाउरी साधारण १२० किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास, वाटेत झिनवालीचं धरण आणि अनानुरीचा किल्ला लागतो. निघतानाच शहरातल्या एखाद्या मोठ्या सुपरमार्केटात अर्धा तास द्या. वर, २२०० मीटरवर, दुकानदारालाही सगळं खालून चढवावं लागतं आणि ते तो तुमच्याकडून वसूल करतो. आम्ही खाली १२ लारीला घेतलेली बाटली मुलाला वर १८ला मिळाली. लारी तेव्हा तीस-एकतीस रुपये होता.

जॉर्जियात द्राक्षाच्या पाचशेवर देशी जाती आहेत म्हणतात. घाबरू नका, कपाटासमोर उभं राहिलं की तीच चार-पाच नावं फिरून फिरून दिसतात. लिपी आपल्याला अगम्य, पण बहुतेक लेबलांवर इंग्रजीही असतं. आम्ही घेतलेल्या पाच अशा. १२ लारीची साधी र्कात्सितेली. ही तिथली घरोघरची पांढरी जात, नावाचा अर्थ 'लाल देठाची'. १७ची त्सिनान्दाली. हे द्राक्षाचं नाही, पूर्वेकडच्या कखेती प्रांतातल्या गावाचं नाव. तिच्यात र्कात्सितेलीला म्त्स्वाने नावाच्या दुसऱ्या जातीची जोड असते. १९ची नुसती म्त्स्वाने, म्हणजे 'हिरवी'. १३ची अलाझानी व्हॅली, सेमी-स्वीट, गोडसर. आणि ३२ लारीची एक क्वेव्रीतली, म्हणजे मातीच्या रांजणातली, र्कात्सितेली, जिचा रंग पांढरा नसून पातळ काकवीसारखा होता. एकूण ९३ लारी, तीन हजार रुपयांच्या आत. पार्ल्याच्या बऱ्या हॉटेलात सहा जणांचं जेवणही एवढ्यात होत नाही.

आता हिशेब. मी ३२ वर्षं एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर १० मिलीचं प्लास्टिकचं टोपण येतं ना, ते मी बरोबर ठेवलं होतं. प्रत्येकाला प्रत्येक वाइनची तीन टोपणं, म्हणजे ३० मिली. पाच वाइनचे १५० मिली, म्हणजे एकाच्या वाट्याला एक ग्लास. मोठी माणसं पाच. पाच पंचे पंचवीस, गुणिले तीस, साडेसातशे. अख्ख्या संध्याकाळचा खप जास्तीत जास्त एक बाटली! उरलेली वाइन बुचं लावून फ्रिजमध्ये गेली आणि पुढचे चार दिवस जेवताना पुरली. तुम्हाला दारूपार्टीची धास्ती वाटत असेल तर आईसमोर आधी हा गुणाकार करा.

बाटल्या झाकायला मोजे वापरले. स्कीचे लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत येतात, बाटली गळ्यापर्यंत आत जाते. मोज्यांना नातीने चिकटपट्टीवर एक ते पाच आकडे लावले. कुठली कुठल्या मोज्यात हे फक्त तिला ठाऊक. तीच लेखनिक, तिला द्राक्षाचा रस. तुमच्या बारावीवालीला हेच काम द्या. एक सूचना मात्र पदरच्या अनुभवावरून : मोजे धुतलेले हवेत. तीन नंबरचा मोजा मुलाने दुपारी उतारावर घातलेला होता आणि पहिली पाच मिनिटं आम्ही सगळे त्या वाइनमध्ये 'ओल्या लोकरीचा वास' आहे असं मोठ्या गांभीर्याने सांगत होतो. (गंमत म्हणजे शेनिन ब्लां या जातीबद्दल जाणकार खरोखरच ओल्या लोकरीचा वास सांगतात. आमची मात्र शेनिन नव्हती, मोजा होता.)

त्या घरात वाइनचे ग्लास नव्हते, चहाचे काचेचे पेले होते. चाललं. फक्त पेला तिसरा हिस्साच भरायचा म्हणजे वर वासाला जागा राहते. आणि मी एक स्टीलचा डबा मध्ये ठेवला, चव घेऊन थुंकायला. त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "चूळच भरायची तर पाण्याने भरावी की!" कोणीच थुंकलं नाही. डब्यात शेवटी शेंगांची टरफलं पडली.

शब्दांचं काय, हा खरा प्रश्न. मागे मुंबईत एकदा अशा कार्यक्रमाला गेले होते. तिथे सूटबूटवाला माणूस 'गूजबेरी' म्हणाला आणि आम्ही चाळीस जणांनी माना डोलावल्या. त्यातल्या कितींनी गूजबेरी खाल्ली होती? म्हणून आमचा नियम एकच : आपल्या स्वयंपाकघरात, बाजारात, परसात जे हुंगलंय त्याचंच नाव घ्यायचं. नातीच्या वहीतलं जसंच्या तसं देते. एक नंबर : 'हिरव्या सफरचंदाची साल. कच्चा पेरू (बाबा). आंबट पण चांगलं आंबट.' दोन : 'आजोबा म्हणतात काहीच वास नाही. आजोबांना सर्दी आहे.' त्याखाली सुनेचं, 'पिकलेलं पेअर, मध, थोडं नव्या कपाटासारखं.' तीन : 'मोजा.' मोजा काढल्यावर खोडून, 'लिंबाचं पान चुरगळून.' चार : 'द्राक्षाचा रस, माझ्यासारखाच.'

पाच नंबरला विहीणबाई. तोवर त्यांनी फक्त वास घेतले होते, ओठ लावला नव्हता. पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, पेला खाली ठेवला, परत उचलला. म्हणाल्या, "अहो, ही बेदाण्याची शेड आहे."

त्यांचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागायतदारांचं. उन्हाळ्यात जाळ्यांवर एकाखाली एक सुकत घातलेले घड, वरून तापलेलं छप्पर, खाली सांडलेल्या मण्यांचा गोड-उग्र दर्प, त्यात कुठेतरी मुंग्या लागलेला लाकडी खांब. हे सगळं त्या पेल्यावर हात ठेवून पाच मिनिटं सांगत होत्या. सून आपल्या आईकडे बघत राहिली. तिलाही हे सगळं नवीन होतं. मग त्यांनी एक टोपण घेतलं. "तुरट आहे हो! आवळा खाल्ल्यावर जीभ अशी आवळून येते ना, तशी."

अगदी बरोबर. नेहमीच्या पांढऱ्या वाइनला द्राक्षाचा नुसता रस आंबवतात, साल-बी आधीच बाजूला. क्वेव्री म्हणजे मातीचा मोठा अंड्याच्या आकाराचा रांजण, आतून मधमाश्यांच्या मेणाने माखलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. कखेतीत त्यात रसाबरोबर साल, बिया, देठसुद्धा घालतात आणि पाच-सहा महिने झाकून ठेवतात. रंग सालीचा, तुरटपणा साल, बिया आणि देठांचा. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत आपल्या वारशाच्या यादीत घेतली. मी एवढं सांगितल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे लोणच्याची बरणीच की, जमिनीत पुरलेली." पुढे मला काही बोलायचं उरलं नाही. आणि त्या 'तुरट'साठी मी वाइनवरच्या लेखांत अर्धा-अर्धा परिच्छेद खर्ची पडलेला बघितलाय! आपल्याकडे तो तीन अक्षरांत संपतो.

निकाल. मोजे काढले तेव्हा त्सिनान्दाली पहिली, तीन मतांनी. दुसरी आली सगळ्यांत स्वस्त, १२ लारीची. सर्वांत महाग क्वेव्रीवालीला एकच मत, विहीणबाईंचं, पण ते त्यांनी दोन्ही हात वर करून दिलं. नवऱ्याने गोडसर अलाझानीला 'पोरकट' म्हणून शेवटचा नंबर दिला आणि पुढच्या चार दिवसांत तीच संपवली. तुम्हाला दोनच बाटल्या घ्यायच्या असतील तर एक कोरडी, म्हणजे गोड नसलेली, त्सिनान्दाली आणि, कोणी तिखट खाणारं असेल तर, एक गोडसर अलाझानी घ्या. ती तिखटाची बाजू सांभाळते. कोरड्या वाइनवर तिखट खाल्लं तर जीभ आणखीच पेटते. आमच्याकडे सांगलीचा भडंग होता, म्हणून हे ठासून सांगते. लसणाची चटणी मात्र त्या संध्याकाळी डब्यातच ठेवा, ती कुणालाच जिंकू देत नाही. तिथलं खाणं आपल्याला परकं वाटत नाही. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यातला घेवडा, बद्रिजानी म्हणजे अक्रोडाचं वाटण गुंडाळलेली वांगी, चीजची खाचापुरी तर नातीने रोज खाल्ली. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही.

आईंना आग्रह करू नका, पण त्यांच्यापासून लपवूही नका. टेबलाशी बसवा, पेला हातात द्या. वास घेतल्याने कोणाचं काही मोडत नाही. आणि तिथे 'चाचा' नावाचं काही कोणी प्रेमाने पुढे केलं तर तो काका नव्हे, द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू असते. नम्रपणे नको म्हणा.

हिमाचलात असताना वाइन गार करायला बाटली रात्रभर बाल्कनीत बर्फात ठेवली. सकाळी आत चिखलासारखा बर्फ झाला होता. वितळल्यावर तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसले. नवऱ्याने भीतीने बेसिनमध्ये ओतली. बरोबर केलं ना? (डोंबिवली)

चूक केलं, पण तुमच्या नवऱ्याची भीती मला समजते. आमच्या मुलाने वरून आणलेली ती १८ लारीची सहावी बाटली अशीच गॅलरीच्या कठड्यावर विसरली होती. पारा उणे बाराच्या खाली. सकाळी बूच अर्धा इंच वर आलेलं, बाटलीच्या गळ्याला पिवळट बर्फाची गळपट्टी. १२-१३ टक्के अल्कोहोल असलेली वाइन उणे पाच-सहाला गोठायला लागते आणि पाणी गोठताना फुगतं. बूच सरकलं हे आमचं नशीब, नाहीतर काच तडकते.

ते कण काचेचे नसतात. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, थंडीत त्याचं पोटॅशियमबरोबरचं मीठ स्फटिक होऊन तळाशी बसतं. ओळखीची वस्तू आहे ही : केकच्या कृतीत 'क्रीम ऑफ टार्टर' लिहितात ते हेच. आणि आपल्या चिंचेचा आंबटपणाही मुख्यतः त्याच आम्लाचा. बोटावर घेऊन दाताखाली धरा, खडीसाखरेसारखा कण फुटतो आणि आंबट लागतो. काच तशी फुटत नाही. (ज्या बाटलीचा काठ उडालाय किंवा तडा गेलाय तिच्यावर हा प्रयोग करू नका, ती सरळ फेका.) गोठून वितळलेली वाइन थोडी मिळमिळीत होते, पण बेसिनच्या लायकीची नक्कीच नाही. आमची आम्ही भातात घातली.

गार करायची घाई असेल तर कोरड्या भुसभुशीत बर्फात खुपसून उपयोग नाही. त्यात हवा असते, तो गोधडीचं काम करतो. बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि मूठभर जाडं मीठ. लहानपणी आइस्क्रीमचं लाकडी पॉट हाताने फिरवलं असेल तर कारण सांगायला नको. पंधरा-वीस मिनिटांत बाटली तयार. हलक्या पांढऱ्या वाइनला ८ ते १० अंश ठीक. क्वेव्रीवाली मात्र १३-१४वर प्या. फार गार झाली की तिची बेदाण्याची शेड बंद होते.

कुटुंबासाठीच्या मासिकात सुनेला, विहिणीला, नातीला टेबलाशी बसवून दारूचे धडे देता, लाज नाही वाटत? (बोरिवली)

पत्र रागाचं आहे, पण निनावी नाही, म्हणून उत्तर देते.

माझा धाकटा काका लालबागला राहायचा, गिरणीत होता. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली आणि देशीचा गुत्ता लागला. पाच वर्षांत गेला. काकूने शेवटी भांडी विकली होती, त्यातला एक पितळी डबा माझ्या आईने विकत घेतला, परत द्यायचा म्हणून. द्यायचा राहिला, तो अजून माझ्याकडे आहे. आमच्या घरात त्यानंतर तीस वर्षं बाटली आली नाही. आली तेव्हा मी आणली, आणि मोजून आणली. ते खोकल्याच्या औषधाचं टोपण वाचून काहींना हसू आलं असेल. ते कुठून आलंय ते आता कळलं असेल.

ज्याच्या घरात हे दुखणं आहे, ज्याला एकावर थांबता येत नाही, जो त्यासोबत न चालणारी औषधं घेतो, त्याने या टेबलाशी बसू नये. नातीने रस प्यायला. तुमचा राग मी चुकीचा म्हणणार नाही.

बर्फात वाइनने अंगात ऊब येते असं ऐकलंय. स्की करताना मध्येच एक ग्लास घेतला तर चालेल का? (गिरगाव)

नाही. ऊब आल्यासारखी वाटते एवढंच. अल्कोहोलने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल-कान गरम होतात, आणि आतली उष्णता बाहेर पडते. शिवाय उंचावर हवा कोरडी, माणूस न कळत सुकतो, झोपही नीट लागत नाही. त्यावर दारू म्हणजे आगीत तेल. पायात पट्ट्या बांधून उतारावरून सुटलेल्या माणसाचा तोल हा एकट्याचा प्रश्न नसतो, खाली कोणाची तरी पोरं शिकत असतात. बूट काढल्यावर, पोटात काही गेल्यावर आणि दोन ग्लास पाणी पिऊन झाल्यावर काय ते.

आम्ही फेब्रुवारीत स्वित्झर्लंडला स्कीसाठी जातोय, पुढे जमलं तर फ्रान्स किंवा ऑस्ट्रिया. तिथे स्वस्त आणि बरं काय? (दादर)

स्वित्झर्लंडमध्ये 'स्वस्त' हा शब्द जपून वापरा. पण तिथली वाइन बहुतेक तिथेच संपते, बाहेर फार थोडी जाते, तेव्हा तिथे असताना तीच प्या. व्हाले या डोंगराळ प्रांतात शासला जातीच्या द्राक्षाची 'फाँदां' मिळते : हलकी, फार वास नसलेली, वितळलेल्या चीजबरोबर उत्तम. फाँद्यूच्या, म्हणजे वितळवलेल्या चीजच्या, भांड्यातही कोरडी पांढरी वाइन घालतात. तिच्या आंबटपणाने चीजच्या दोऱ्या न होता ते सरसरीत राहतं. नुसतंच पाणी घातलं तर चीज एकीकडे आणि तूप एकीकडे. एक व्यवहारी गोष्ट : मिग्रोस या सुपरमार्केटात वाइन शोधत बसू नका, तिथे दारू विकतच नाहीत. २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून ती बंदी कायम ठेवली. शेजारच्या कूपमध्ये जा.

फ्रान्सच्या बाजूला साव्वा प्रांतातली 'आप्रमाँ' मागा, जाकेर जातीची, झऱ्याच्या पाण्यासारखी तरतरीत आणि खिशाला सोसणारी. ऑस्ट्रियात ग्र्यूनर वेल्टलिनर. हिच्यात पांढऱ्या मिऱ्याचा वास सांगतात आणि तो खरंच येतो, कढीवर मिरपूड घातल्यासारखा. तिथे लिटरची बाटलीही मिळते. सहा जण असाल तर तीच परवडते.

बर्फ, जॉर्जिया वगैरे आमच्या आवाक्यात नाही. हे सगळं चेंबूरच्या दोन खोल्यांत करता येईल का? (चेंबूर)

का नाही? मोजे लागतातच असं नाही, वर्तमानपत्र गुंडाळा. आणि आपल्या दारात नाशिक आहे. सुला या वाइन कंपनीने तिथे सॉव्हिन्याँ ब्लां आणि शेनिन ब्लां लावली १९९७ साली. आज नाशिक-दिंडोरीकडे बरेच जण या दोन्ही जातींची बरी पांढरी वाइन करतात. कखेतीत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. तेव्हा नाशिकचा बागायतदार गोड छाटणीच्या मागे असतो. आणि तिथे वेली थंडीत झोपलेल्या असतात तेव्हा, जानेवारी ते मार्चला, आपल्याकडे घड उतरतात.

एक सॉव्हिन्याँ आणि एक शेनिन, दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या, म्हणजे चार बाटल्या. चार घरांनी एकेक आणावी. सॉव्हिन्याँला ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येईल. हा कल्पनेचा खेळ नाही, दोन्हींत एकच रसायन असतं. शेनिनमध्ये पेरू, अननस, कधी मध. झाकण फिरकीचं असलं तर हलकी समजू नका, पांढऱ्या वाइनला ते बुचापेक्षा सोयीचंच आहे. कपाटावरच्या माळ्यावर बाटली ठेवू नका, मुंबईत त्याच्यासारखी वाईट जागा नाही. दुपारी तिथे भट्टी असते. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी ओता. मे महिन्यात पाचच पुरतात. खायला कोथिंबीर वडी, सुरणाचे काप, किंवा शुक्रवारी बाजारात मिळाले तर ताजे बोंबील, रवा लावून तळलेले. बोंबलाला शेनिन चालते, सॉव्हिन्याँ धावते. आणि तारीख ठरवण्याआधी ड्राय डे बघून घ्या. आमची एक बैठक २६ जानेवारीला ठरली होती, ती नारळपाण्यावर पार पडली.

जॉर्जियाहून बाटल्या घरी आणता येतात का? किती? (अंधेरी)

बाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोन, तिसरी नको. हातातल्या पिशवीत नाही, तपासून दिलेल्या बॅगेत. आम्ही प्रत्येक बाटलीला आधी प्लास्टिकची पिशवी, मग तोच मोजा घातला आणि थर्मलच्या घडीत मध्यभागी झोपवली. सगळ्या धड आल्या.

क्वेव्रीतली एक मी विहीणबाईंसाठी म्हणून आणली होती. "आमच्या घरी ठेवायला नको, लोक काय म्हणतील," म्हणून त्यांनी ती पार्ल्यालाच ठेवायला सांगितली. डाळींच्या डब्यांमागे आहे. सांगलीहून फोन आला की सून, नात, हवापाणी सगळं विचारून होतं, आणि मग आवाज थोडा खाली येतो. "शेड कशी आहे?"